मातीच्या गावात तीन दिवस

मागच्या खेपेला कुरडया-पापडांना पावसाळ्यात वास लागू नये म्हणून काय करावं, ते लिहिलं होतं. त्यावर एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यात कुरडयांबद्दल एक ओळ आणि बाकी सगळी तक्रार! "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात असं एकदा ओझरतं लिहिलंत आणि पुढं गप्प बसलात. आम्हाला काही सांगणार की नाही?"

गप्प बसण्याला कारण होतं. तिथं जे पाहिलं ते सांगायचं तर माझ्या आईच्या घराची गोष्ट सांगावी लागते, आणि त्या गोष्टीत चूक माझी आहे. पण आता सांगतेच.

आमच्या मोठ्या वन्सं अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की नावाच्या शहरात असतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मे महिन्याची सुटी धरून मी महिनाभर त्यांच्या मदतीला गेले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे सुटीचा प्रश्न नव्हता. स्वयंपाक, औषधं, त्यांना धरून चालवणं यात तीन आठवडे कसे गेले कळलंही नाही. चौथ्या आठवड्यात वन्सं काठी टेकत स्वतः चहा करू लागल्या आणि एका सकाळी माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाल्या, "हे बघ, तुझं नाव घातलंय. सँटा फेची तीन दिवसांची सहल आहे. आठच माणसं असतात. चित्रं, मातीकाम, जुनी घरं, असलं सगळं दाखवतात."

"ताई, एवढे पैसे! आणि तुमचं कोण बघणार?"

"माझं मी बघते. तू महिनाभर माझ्या स्वयंपाकघराच्या चार भिंती बघितल्यास. आता जरा दुसऱ्या भिंती बघ."

वन्सं सहज बोलून गेल्या, पण झालं अगदी तसंच. तीन दिवस मी भिंतीच बघितल्या!

सँटा फे अल्बुकर्कीपासून साधारण शंभर किलोमीटर. वाळवंटी मुलूख म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट. तसं काही नाही. तांबूस, भेगाळलेली माती, त्यावर बुटकी गडद हिरवी झुडपं आणि वर धुतल्यासारखं निळं आभाळ. शहराची उंची सुमारे सात हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही बरीच जास्त. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तेव्हा मला वाटलं, वय झालं की काय! पण सगळ्यांचीच तीच गत होती.

आमच्या गाईडबाई साठीच्या पुढच्या, पूर्वी शिक्षिका होत्या. मग काय, आमचं सूत लगेच जमलं. बरोबर एक निवृत्त जोडपं, दोघी बहिणी, एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी, एक एकटे गृहस्थ आणि आठवी मी. आठच माणसं असण्याचा फायदा पहिल्या तासातच कळला. चाळीस माणसांच्या बसमध्ये प्रश्न विचारायचा म्हणजे हात वर करून ओरडावं लागतं. इथं आम्ही सगळे एका बाकावर आणि एका ओट्यावर मावत होतो. मला इंग्रजी वाचायची सवय असली तरी बोलताना जीभ अडखळते. पण आठ जणांत माणूस फार वेळ लाजत नाही.

गाडीतून उतरले आणि उभीच राहिले. समोर सगळी मातीच्या रंगाची घरं. सपाट छपरं, भिंतींचे कोपरे हातानं गोल केल्यासारखे, भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडी तुळयांची टोकं आणि छपराचं पाणी काढून द्यायला पुढं काढलेले पन्हळ.

मैत्रिणींनो, माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. माळवदाचं घर. ज्यांनी असं घर पाहिलंय त्यांना सांगायला नको. जाडजूड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचं सपाट धाबं. उन्हाळ्यात त्या धाब्यावर आम्ही मिरच्या वाळवायचो आणि रात्री तिथंच झोपायचो. शहरातल्या मैत्रिणींना 'आमचं घर मातीचं आहे' हे मी कॉलेज संपेपर्यंत सांगितलं नव्हतं. आणि इथं लोक हजारो मैलांवरून मातीची घरं बघायला येत होते!

गावाच्या मधल्या चौकात जुना राजवाडा आहे, गव्हर्नरांचा. स्पॅनिश लोकांनी १६१० साली हे शहर आपली राजधानी केलं आणि त्याच सुमाराला हा वाडा बांधला. बी. ए.ला माझा इतिहास होता. त्यामुळे परदेशातलं साल ऐकलं की मी लगेच आपल्याकडे काय चाललं होतं ते जुळवून बघते. १६१० म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी वीस वर्षं. पण ही जमीन काही तेव्हा मोकळी नव्हती. तिथले मूळचे पुएब्लो लोक कित्येक शतकं मातीची गावं करून राहत होते. स्पॅनिश अमलाला आणि धर्माच्या सक्तीला कंटाळून त्यांनी १६८० साली बंड केलं. पोपे नावाच्या पुढाऱ्यानं गावोगाव धावपटूंबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची गाठ सुटली की उठाव! स्पॅनिश लोकांना शहर सोडून पळावं लागलं आणि पुढची बारा वर्षं ते परत आले नाहीत. त्या काळात पुएब्लो लोक याच वाड्यात राहिले. १६८० म्हणजे आपल्याकडे शिवराय गेले ते वर्ष. मी हे गाईडबाईंना सांगितलं, तर त्यांनी वही काढून लिहूनच घेतलं.

या वाड्याच्या लांबलचक ओसरीत मूळच्या रहिवाशांपैकी कारागीर चादरी अंथरून बसतात. चांदीचे दागिने, फिरोज्याच्या माळा, मातीची भांडी. तिथला नियम मला फार आवडला. माल विकणाऱ्यानं स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनी केलेला असला पाहिजे आणि त्यावर करणाऱ्याची खूण पाहिजे. बसायला जागा कमी पडली तर सकाळी चिठ्ठ्या टाकतात. मी एका आजीबाईंकडून कानातलं घेतलं. सवयीनं घासाघीस करायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यांनी दागिना उलटा करून मागची बारीक खूण दाखवली आणि छातीवर हात ठेवला. 'मी केलंय.' मुकाट्यानं पैसे दिले!

दुपारी म्युझियम हिलवर गेलो. म्हणजे टेकडी, आणि तिच्यावर संग्रहालयं. तिथं मारिया मार्टिनेझ या बाईंची काळी भांडी पाहिली. या सँटा फेजवळच्या सान इल्डेफोन्सो या पुएब्लो गावच्या, १९८० साली वारल्या. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक ठेवून भांडं वर न्यायचं, वाळलं की नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घासघासून चमक आणायची. त्यांचे पती ज्युलियन त्यावर पातळ मातीनं नक्षी काढत. १९१९च्या सुमारास दोघांनी चमकत्या काळ्यावर मंद काळी नक्षी उठवण्याची युक्ती काढली आणि त्या भांड्यांनी जग जिंकलं.

काळा रंग कशानं येतो, ठाऊक आहे? भट्टी उघड्यावर पेटवायची आणि ऐन वेळी तिच्यावर घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून ती दडपून टाकायची. आत हवा जात नाही, धूर कोंडतो आणि लाल माती काळी होते. आमच्यातल्या त्या कॉलेजकन्येनं नाक मुरडलं. मी मात्र म्हटलं, "आमच्याकडे घर शेणानं सारवतात आणि चूलही शेणाच्या गोवऱ्यांवर पेटते." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जन्मात पहिल्यांदा मी ही गोष्ट मान वर करून सांगितली असेल.

पूर्वी या भांड्यांवर करणारीचं नाव घालण्याची रीतच नव्हती. १९२०नंतर मारियाबाई आपलं नाव घालू लागल्या. घरातलं काम आणि कलावंताचं काम यांच्यात कधी कधी एवढ्या एका नावाचंच अंतर असतं, नाही का?

शेजारीच लोककलेचं संग्रहालय आहे. अलेक्झांडर जिरार्ड या नामवंत डिझायनरानं आणि त्यांच्या पत्नीनं जगभर फिरून जमवलेल्या एक लाखाहून जास्त वस्तू १९७८ साली या संग्रहालयाला दिल्या. त्यातल्या सुमारे दहा हजार १९८२पासून मांडलेल्या आहेत. बाहुल्यांचे बाजार, लग्नं, मिरवणुका, गावंच्या गावं! भारतातल्या वस्तूही आहेत. या जिरार्डसाहेबांनीच १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात भारतीय वस्त्रांच्या प्रदर्शनाची मांडणी केली होती. पोरासोरांची खेळणी बघायला मी मोठी माणसं तास तास उभी राहिलेली पाहिली.

दुसऱ्या दिवशी गाईडबाईंनी आम्हाला एक गंमत दाखवली. एका सुंदर मातकट इमारतीपाशी नेऊन म्हणाल्या, "टकटक करून बघा." आतून पोकळ आवाज आला. मग एका जुन्या भिंतीवर टकटक करायला लावलं. आवाजच नाही, सगळा भिंतीत जिरला. १९५७ साली शहरानं कायदा केला की जुन्या भागातल्या इमारतींनी जुनी धाटणी सांभाळली पाहिजे. म्हणून नव्या इमारतीसुद्धा मातीच्या रंगाच्या असतात, पण पुष्कळांच्या आत लाकडी सांगाडा नाहीतर काँक्रीट असतं. वरून फक्त रंग मातीचा!

खरी जुनी भिंत मात्र कच्च्या विटांची. माती, वाळू, पाणी आणि गवताच्या काड्या कालवून साच्यात घालायच्या आणि उन्हात वाळवायच्या. तिला म्हणतात अडोबी. पुरुषांनी भिंत उभी करायची आणि बायकांनी ती लिंपायची, अशी तिथली जुनी वाटणी. लिंपणाऱ्या बाईला स्पॅनिशमध्ये खास शब्द आहे, एन्हारादोरा. आतल्या भिंतींना त्या पांढऱ्या मातीचा हात देत. तिथं तिला म्हणतात 'तिएर्रा ब्लांका', म्हणजे शब्दशः पांढरी माती. आमच्या गावाकडेही पांढरी मातीच म्हणतात हो! माझ्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जॉर्जिया ओकीफ या प्रख्यात चित्रकर्तीचं घर बघायला अबिकिऊ गावी गेलो. शहरात १९९७पासून तिच्या नावाचं संग्रहालय आहे, ते आम्ही आधीच पाहिलं होतं. फुलांची भलीमोठी चित्रं, वाळवंटातली हाडं, लाल टेकड्या. तिनं हे घर १९४५ साली घेतलं तेव्हा ते पडकं होतं. ते उभं करायला चार वर्षं लागली. भिंती लिंपल्या त्या गावातल्या बायकांनी, हातानं. बोटांची चाल अजून ओळखू येईल अशा त्या भिंती. तिथं एक चौक आहे आणि त्याच्या भिंतीत एक काळं दार. या दारासाठी तर तिनं घर घेतलं म्हणतात, आणि ते तिनं पुन्हा पुन्हा चितारलं. सगळे दार बघत होते. मी दाराच्या आजूबाजूची भिंत बघत होते.

परतताना गाईडबाईंनी एका देवळाचं चित्र दाखवलं. उत्तरेकडे ताओसजवळ रांचोस नावाच्या गावातलं जुनं मातीचं चर्च. ओकीफनं ते पुष्कळदा रंगवलंय. दरवर्षी मातीचा हात देण्याची कटकट नको म्हणून १९६७ साली गावकऱ्यांनी त्याला सिमेंटचा गिलावा केला. झालं काय, सिमेंटच्या भेगांतून पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला वाट राहिली नाही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटनं ती सोडेना. बाहेरून भिंत ठणठणीत आणि आतून विटांचा चिखल होत चाललेला! शेवटी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सगळं सिमेंट काढलं आणि पुन्हा माती लावली. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्यात सगळं गाव जमतं आणि बाया, पुरुष, पोरं मिळून देऊळ लिंपतात.

गाईडबाई पुढं काही सांगत होत्या. मला ऐकू येत नव्हतं.

कारण दोन वर्षांपूर्वी आईच्या घराच्या समोरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मीच करायला लावला होता. दादा तयार नव्हता. मीच म्हटलं, "आईचे गुडघे गेलेत, दरवर्षी हे लिंपण तिनं का करावं? आणि पाहुणे येतात, बरं दिसत नाही." यातलं पहिलं कारण खरं होतं. पण दुसरं जास्त खरं होतं. आई फक्त एवढंच म्हणाली होती, "अगं, मातीच्या भिंतीला घाम येतो. तिला असं बांधून टाकू नका." आम्ही हसलो होतो. पुढच्याच पावसाळ्यात आतल्या बाजूनं पोपडे सुटले, ओल चढली आणि देवघराचा कोनाडा ढासळला. दादा म्हणत होता, आता सगळंच पाडून स्लॅबचं घर बांधू. आईनं मला एका शब्दानंही दोष दिला नव्हता.

त्या रात्री सँटा फेच्या खोलीतून मी आईला फोन लावला. तिथं रात्रीचे साडेआठ, आपल्याकडे सकाळचे आठ. तिचा चहा चालला होता.

"आई, लिंपणाच्या मातीत तू काय काय घालायचीस गं?"

"का? अमेरिकेत घर लिंपायला काढलंस की काय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिथलं देऊळ, सिमेंट, आतला चिखल. ती ऐकत राहिली. मी म्हटलं, "आई, तू सांगितलं होतंस. चुकलंच माझं."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला माझी दया आली होती, तेवढं मला कळलं होतं. पण मला काम नको होतं असं नाही गं. एकटीनं करायचं नको होतं."

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकायला मला एवढ्या लांब जावं लागलं.

परत आल्यावर नवरात्राचे घट बसायच्या आधी आम्ही चार दिवस माहेरी जमलो. दादा, वहिनी, आमचे हे, चारही मुलं. गवंड्याकडून सिमेंट सोलून काढलं, भिंत आठवडाभर वाळू दिली होती. पांढरी माती, भुसा आणि शेण कालवून तीन दिवस भिजत ठेवलं. आई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. "पातळ झालं", "हात वरून खाली नको, गोल फिरव", "दादा, तू भिंत लिंपतोयस की पोळीला तूप लावतोयस?" सगळे चिखलात माखलो. आमचं लिंपण काही आईसारखं एकसारखं झालं नाही. एका कोपऱ्यात चुरा निघतो. मागची भिंत राहिलीच आहे आणि दादाच्या डोक्यातून स्लॅब पूर्ण गेलेला नाही. पण यंदाच्या पावसानंतर आत ओल नाही. आणि देवघराच्या कोनाड्याखाली, ओल्या मातीत, माझ्या मुलीनं आजीचा हात धरून त्याचा ठसा उमटवलाय. आई "काहीतरीच!" म्हणाली, पण पुसू दिला नाही.

आता माझं नेहमीचं काम. कुणी तिकडे जाणार असाल तर या गोष्टी ध्यानात असू द्या.

पहिल्या दिवशी दगदग करू नका. उंचीमुळे डोकं दुखतं. तहान नसली तरी पाणी पीत राहा. ऊन कडक, पण सूर्य मावळला की गारठा. पिशवीत शाल हवीच. पायात सपाट, घट्ट बूट असू द्या.

सहल ठरवताना माणसं किती आणि एका ठिकाणी वेळ किती, हे दोन प्रश्न आधी विचारा. दहा ठिकाणं धावत बघण्यापेक्षा चार ठिकाणी बसता आलेलं बरं. ओकीफचं घर बघायला आगाऊ नाव नोंदवावं लागतं.

पुएब्लो गावांत माणसं राहतात, ते प्रदर्शन नव्हे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात डोकावू नका.

शाकाहारी भगिनींनी घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आहे का, हे विचारून घ्यावं, आणि मिरचीच्या रश्श्यात मांस असू शकतं. जेवताना 'लाल की हिरवी?' असं विचारलं तर घाबरू नका. कोणत्या मिरचीचा रस्सा वाढू, एवढाच त्याचा अर्थ. सोपापिया नावाची पुरीसारखी टम्म फुगलेली पोळी मधाबरोबर देतात, ती जरूर खा.

आणि ज्यांच्या माहेरी किंवा सासरी अजून मातीची भिंत उभी आहे, त्यांनी तिच्यावर सिमेंट चढवण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा. ती काय म्हणते ते ऐका. आणि ऐकून झालं की लगेच पदर खोचून तिच्या शेजारी बसा.

पुढच्या खेपेला पुन्हा आपलं स्वयंपाकघर. लोणच्याला बुरशी का येते, हे विचारणारी सात पत्रं साठली आहेत!